दोन्ही हात वॉकरला

खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आले त्याच्या चौथ्या रात्रीची गोष्ट. मैत्रीण पहिल्या तीन रात्री राहून तिच्या घरी गेली होती आणि मी पहिल्यांदा खरोखर एकटी होते. तहान लागली म्हणून उठले, वॉकर धरत धरत स्वयंपाकघरात गेले, ग्लास भरला, आणि मग तिथेच ओट्यापाशी उभी राहिले कारण ग्लास न्यायचा कसा हेच कळेना. दोन्ही हात वॉकरला. एक हात सोडला तर वॉकर वाकडा जातो आणि तोल जातो, तोंडात धरून न्यायची वस्तू नाही, ओट्यावरून सरकवत नेलं तरी ओटा संपतो आणि पलंग अजून दहाबारा पावलं लांब. शेवटी उभ्यानेच सगळं पाणी प्यायले आणि रिकाम्या हाताने परत गेले. ऑपरेशनच्या आधी मी दुखण्याचा विचार केला होता, टाक्यांचा केला होता, पडण्याचा तर रोज केला होता, पण वस्तू इकडून तिकडे न्यायला हातच उरणार नाहीत हे एकानेही सांगितलं नव्हतं. आज सात आठवडे झाले, एका काठीवर आहे, बरी आहे, आणि हे सगळं लिहून ठेवतेय कारण मी वाचायला बसले तेव्हा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य होतं की घरच्यांची मदत घ्या. घरात दुसरं कुणी नसेल तर काय करायचं, हे मला हवं होतं.

मी ६३ वर्षांची, उजवा खुबा. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासायला लागलेलं. शेवटचं वर्ष असं गेलं की रात्री कूस बदलली तरी जाग यायची आणि मोजे घालणं हे दिवसातलं सगळ्यात मोठं काम झालं होतं. खुबा हा उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. ऑपरेशनमध्ये तो झिजलेला गोळा कापून काढतात, मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, तिच्यावर नवा गोळा, माझा सिरॅमिकचा आहे, आणि वाटीत धातूचं कवच व त्यात पॉलिएथिलीन नावाच्या प्लास्टिकचं अस्तर. हे आजच्या रूपाच्या जवळपास आणलं सर जॉन चार्नली नावाच्या इंग्लिश सर्जनने, इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं, ते फार लवकर झिजलं, पेशंटना त्रास झाला, मग १९६२ च्या शेवटी ते पॉलिएथिलीनवर आले आणि तिथून ही शस्त्रक्रिया स्थिरावली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. साठ वर्षांहून जास्त काळ लोक ही वस्तू अंगात घेऊन चालतायत. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात तर असं निघालं की बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. माझ्या वयाला २५ मिळवले की मला पुरेसं आहे.

तर तयारी. खरं सांगायचं तर एकटीने राहून बरं होण्याचं निम्म्याहून जास्त काम ऑपरेशनच्या आधीच होतं आणि जे तेव्हा राहतं ते नंतर करता येत नाही, कारण नंतर वाकताच येत नाही. मी केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी ओळखीतून वॉकर आणला आणि घरात दोन दिवस त्याच्यावर चालून पाहिलं. चांगले दोन पाय असल्यासारखं नाही, तर खरंच उजव्या पायावर भार न देता, हात अजिबात न सोडता, उठायचं, बाथरूमला जायचं, परत यायचं, स्वयंपाक करायचा. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की वॉकर बाथरूमच्या दारातून जातच नाही. दार अरुंद, वॉकर रुंद, चक्क चार बोटांचा फरक. हे मला घरी आल्यावर, टाके असताना, रात्री दोन वाजता, लघवीची घाई असताना कळलं असतं तर? फिजिओला विचारलं तेव्हा तिने आडवं जायला शिकवलं, दाराशी पोचलं की वॉकर वळवून आडवा करायचा आणि त्याला धरून बाजूबाजूने पावलं टाकत आत शिरायचं, आतल्या भिंतीला आधाराची दांडी हवी. ती दांडी मी ऑपरेशनच्या आधी बसवून घेतली, भिंतीत ड्रिल करून पक्की. चिकटवायच्या मिळतात त्यांच्यावर माझा अजिबात विश्वास नाही, आपला पूर्ण भार त्याच्यावर जातो.

दुसरी गोष्ट उंची. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही असं मला सांगितलेलं होतं आणि याचा घरातला साधा अर्थ असा की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली हवेत. मी टेप घेऊन घरातली प्रत्येक बसायची जागा मोजली. सोफा बाद, त्यात माणूस रुततो. आरामखुर्ची बाद. हात असलेली एक टणक लाकडी खुर्ची निघाली, तिच्यावर घट्ट उशी ठेवून उंच केली, हात हवेतच कारण उठताना दोन्ही हातांनी रेटून उठायचं असतं, वॉकरला धरून ओढत उठायचं नाही, वॉकर अंगावर येतो. कमोडवर ठेवायची उंच सीट आणली. पलंगाच्या पायांखाली ठोकळे. आणि मग कपाटं. कमरेच्या खालचं आणि डोक्याच्या वरचं जे जे रोज लागतं ते सगळं मधल्या पट्ट्यात आणलं, कंबर ते खांदा, भांडी, कपडे, औषधं, चार्जर, कागद, सगळं. ओटा गच्च भरला, दिसायला वाईट दिसत होतं, पण हे सात आठवडे माझं घर म्हणजे तेवढा तो पट्टाच होता. जमिनीवरची सगळी पायपुसणी, सतरंज्या, वायरी उचलल्या. फ्रीझरमध्ये एकेका जेवणाचे छोटे डबे तारखा घालून ठेवले, मोठा डबा एका हाताने काढता येत नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र सुटला तो चौथ्या रात्रीनंतरच. वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधली, झाकणाच्या बाटलीत पाणी, झाकणाच्या डब्यात जेवण, आणि उघडं काहीही न्यायचंच नाही असं ठरवलं. जेवायचं ओट्यापाशीच, उंच खुर्ची तिथे नेऊन ठेवलेली. पलंगाशी एक टेबल, त्यावर भरलेला थर्मास, जो दिवसा कुणी आलं की भरून घ्यायचा. पिशवीत जड काही टाकू नका, वॉकर पुढे झुकतो, एक बाटली आणि एक डबा एवढंच. आणि फोन पिशवीत नाही, गळ्यात. याला कारण आहे, पुढे सांगते.

हॉस्पिटलमध्ये मला प्रत्येकाने विचारलं की घरी कोण आहे. भरती करताना विचारलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, नर्सने तीनदा विचारलं, आणि मी प्रत्येक वेळी कुणी नाही म्हटल्यावर समोरचा चेहरा असा व्हायचा की मी काहीतरी चुकीचं केलंय. एकीने तर स्पष्ट म्हटलं की मग ऑपरेशन पुढे ढकलायला हवं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. एकटं राहणारी माणसं काय म्हातारपणभर लंगडत बसणार का? २०१८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, खुबा आणि गुडघा बदललेल्या पेशंटचा, त्यात एकटे राहणारे आणि घरच्यांसोबत राहणारे दोघेही थेट घरी गेले, एकट्यांना थोड्या जास्त वेळा हॉस्पिटलात एखादी रात्र जास्त राहावं लागलं, घरी येणारी मदत जास्त लागली, पण गुंतागुंत काही जास्त झाली नाही. मी सर्जनना हे सांगितलं, ते म्हणाले, "बरोबर आहे, फक्त जिना चढउतार करून दाखवा, पलंगावरून एकट्याने उठून दाखवा, मग सोडतो." आणि मी एक रात्र जास्त मागून घेतली. मागा. लाजू नका. ती एक रात्र मिळाली म्हणून मी पलंगावरून उठायचं नीट शिकले.

ते शिकणं सांगते कारण याच्यासाठी माणूस लागतो असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या दिवसांत ऑपरेशनचा पाय उचलला जात नाही. दुखतं म्हणून नाही हं, तो ऐकतच नाही, आपण मनात म्हणतो उचल आणि पाय तसाच गादीवर पडलेला, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून रडले होते, वाटलं काहीतरी तुटलंय. फिजिओ म्हणाली, "काकू, स्नायू दुखावलेत, ते परत येतात, तोवर आपण पट्ट्याने उचलू." लांब पट्टा, एका टोकाला फास, तो तळपायात अडकवायचा आणि हाताने ओढून पाय पलंगावर घ्यायचा. साधा ड्रेसिंग गाऊनचा पट्टासुद्धा चालतो. आधी मागे सरकत पलंगाच्या कडेला पाय टेकेपर्यंत जायचं, हात मागे टेकून बसायचं, ऑपरेशनचा पाय पुढे सरळ ठेवायचा, मग कोपरांवर मागे रेलत फिरायचं, दोन्ही पाय आणि धड एकाच वेळी वळवत, पाय एकमेकांवर न चढवता. रात्री पाठीवर झोपायचं आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी. मी आयुष्यभर कुशीवर झोपणारी, पहिले तीन आठवडे नीट झोप अशी लागलीच नाही.

नियम तीन. ९० अंशांच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि ऑपरेशनच्या पायाचा चवडा आत वळवायचा नाही, म्हणजे उभं असताना त्या पायावर गर्रकन वळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने झालं, तिथलं सांध्याचं वेष्टन आणि बारीक स्नायू कापून परत शिवलेले असतात, ते जुळून येईपर्यंत या तीन हालचाली एकत्र झाल्या तर गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. पुढच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनला नियम वेगळे असतात आणि काही सर्जन आता फार बंधनं घालतही नाहीत, तेव्हा आपल्या सर्जनने सांगितलेले नियम ते आपले, माझे किंवा शेजारणीचे नाहीत. पण नियम माहीत असणं आणि एकटं असताना ते पाळणं यात फार फरक आहे, कारण आपण दिवसातून किती वेळा वाकतो हे आपल्याला माहीतच नसतं.

आता फोन. सातव्या दिवशी, दुपारी, पलंगावर बसलेले, फोन हातातून निसटला, जमिनीवर आपटला आणि सरकत पलंगाखाली गेला. आणि माझं शरीर वाकायला निघालंसुद्धा. म्हणजे विचार यायच्या आधी. मधेच खुब्यात ताण जाणवला आणि मी थिजले, हळूहळू मागे रेलले, छाती धडधडत होती. मग लांब दांड्याचा चिमटा, ग्रॅबर म्हणतात तो, शोधला, तर तो स्वयंपाकघरात. उठून आणला. पण फोन पलंगाखाली इतका आत की बसून पोचत नाही आणि उभ्याने दिसत नाही. सव्वा दोन तास मी बिनफोनची होते. काहीही झालं नाही त्या वेळात, काहीच लागलं नाही, पण मी खुर्चीवर बसून फक्त एवढाच विचार करत होते की आत्ता या क्षणी मी पडले तर कुणाला कसं कळेल. संध्याकाळी शेजारच्या ताई आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती, त्यांनी फोन काढून दिला आणि म्हणाल्या, "अहो, हाक मारायची ना भिंतीवर ठोकून!" मला ते सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून फोन गळ्यातल्या पाऊचमध्ये, झोपतानाही उशीशेजारी त्याच पाऊचमध्ये आणि पाऊचची दोरी पलंगाला अडकवलेली. ग्रॅबर दोन घेतले, एक पलंगाशी, एक स्वयंपाकघरात. आणि ताईंशी ठरलं की रोज सकाळी ९ च्या आत माझा मेसेज जाणार, नुसतं "उठले" एवढाच, ९ पर्यंत आला नाही तर त्या फोन करणार, फोन उचलला नाही तर किल्ली घेऊन येणार. हे मी आधीच ठरवायला हवं होतं. एकटं राहून ऑपरेशन करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगेन की किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि ही सकाळची वेळ ठरवा, बाकी सगळं एक वेळ राहिलं तरी चालेल.

औषधांचं म्हणायचं तर रक्त पातळ करायची गोळी मला ३५ दिवस होती, कारण या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका असतो आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ही गोळी चुकवायची नाही. मी कागदावर ३५ चौकोन काढून पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवले आणि गोळी घेतली की खूण, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं असं जड होतं की घेतली की नाही हे दहा मिनिटांनी आठवत नाही, आणि घरात विचारायला दुसरं कुणी नाही. दुखण्याच्या गोळ्या सांगितलेल्या वेळेला घ्या, सहन करून बघू असं करू नका, दुखणं एकदा चढलं की व्यायाम होत नाही आणि व्यायाम झाला नाही की सगळंच लांबतं. जोरदार गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, मला पाचव्या दिवशी त्याचा जेवढा त्रास झाला तेवढा टाक्यांचा झाला नाही. पाणी, हालचाल, आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून त्याचं औषध.

सुजेनेही मी घाबरले होते. मांडी दुप्पट, गुडघ्याच्या मागे जांभळं, मग ते जांभळं रोज खाली सरकत घोट्यापर्यंत आलं. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं एवढंच असतं ते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरावीस मिनिटं, आणि दिवसातून दोनदा आडवं पडून पाय जरा उंच. सूज काही महिनेसुद्धा राहू शकते, संध्याकाळी वाढते, माझी अजून आहे थोडी.

पण सोळाव्या दिवशी डाव्या पोटरीत दुखायला लागलं. डाव्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या पायाच्या. दाबलं की दुखतंय, जरा गरम वाटतंय. हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन केला, वाजत राहिला, तीन वेळा. कुणीच उचलला नाही. एकट्या माणसाचा डोक्यातला खेळ तेव्हा सुरू होतो, अर्धं मन म्हणतं काही नाही गं, दुसऱ्या पायावर सगळा भार पडतोय म्हणून दुखतंय, आणि अर्धं मन श्वास मोजायला लागतं. घरात दुसरं माणूस असतं तर ते म्हणालं असतं चल, दाखवून येऊ. ते चल आपणच आपल्याला म्हणायचं असतं. मी ताईंना फोन केला, त्या सोबत आल्या, इमर्जन्सीत डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, झाली, गुठळी नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी उगाच आलात असं म्हटलं नाही, म्हणाले, "आलात ते बरं केलंत." पोटरी दुखणं, सुजणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, जखमेतून स्राव, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड होणं आणि वळणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहायची नाही. हा कागद मी दारावर आतून लावला होता, शेजारी मोठ्या अक्षरात फोन नंबर, ऑपरेशनची तारीख आणि चालू औषधं, म्हणजे कुणी घरात शिरलं तर त्याला मला काही विचारायची गरज पडू नये.

व्यायामाचं मी भरभरून बोलू शकते कारण त्यानेच मला उभं केलं. पहिल्या दिवसापासून घोटे वरखाली, दर तासाला दहाबारा वेळा, यानेच पोटरीतलं रक्त वर ढकललं जातं. मग मांडीचा स्नायू आवळून धरणं, कुल्ले आवळणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा दुमडणं, मग उभ्याने ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, मी हे पायरीवर उभी राहून मोठ्याने म्हणायचे. कपडे घालतानाही तसंच, घालताना ऑपरेशनचा पाय पहिला, काढताना शेवटचा.

काठीवर आले पाचव्या आठवड्यात आणि फिजिओने ती डाव्या हातात दिली. मी म्हटलं, "अगं, दुखणारा पाय तर उजवा आहे." तेव्हा तिने मला जे समजावलं ते मला इतकं आवडलं की तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतेय. चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोरात ओढ घेतात, आणि शरीराचं वजन अधिक ती ओढ असा भार सांध्यावर येतो, साध्या चालण्यात शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट. काठी विरुद्ध हातात असली की ती सांध्यापासून लांब टेकते, तराजूचा लांब हात मिळाल्यासारखा, थोड्याशा दाबानेही कंबर सावरली जाते आणि स्नायूंना तेवढी ओढ घ्यावी लागत नाही. त्याच बाजूला धरली तर हा फायदा जवळजवळ मिळतच नाही. रस्त्यात चुकीच्या हातात काठी धरलेलं माणूस दिसलं की आता मला थांबून सांगावंसं वाटतं, दोनदा सांगितलंसुद्धा.

दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला, शरीराने नाही, मनाने. पहिल्या आठवड्यात फोन येतात, माणसं येतात, मग सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि ते बरोबरच आहे. झोप नाही, भूक नाही, आंघोळ स्टुलावर बसून कशीबशी, आणि ऑपरेशनचा पाय लांब झालाय असं वाटत राहतं. हे लांब वाटणं बहुतेकांना होतं, स्नायू आखडलेले असतात, कंबर कललेली असते, आठवड्यांनी आपोआप कमी होतं, लगेच दुसऱ्या बुटात उंची वाढवायची जादा टाच बसवायला धावू नये. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि एका रात्री मी धाकट्या बहिणीला फोन करून म्हटलं की मी फसले, मी हे करायलाच नको होतं. ती दुसऱ्या देशात, येऊ शकत नव्हती. ती म्हणाली, "ताई, तुला आत्ता काय हवंय ते एक वाक्यात सांग." मला वाक्य सुचेना. मग म्हटलं, "केस धुवून हवेत." दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मैत्रिणीला फोन केला, मैत्रीण आली, मला खुर्चीवर बेसिनकडे पाठ करून बसवलं, मान मागे टेकवून केस धुतले. मी डोळे मिटून बसले होते आणि पाणी कानामागून जात होतं. चौदा दिवसांनी.

त्याच्यानंतर मी मदत मागायची पद्धत बदलली. लोक विचारतात, "काही लागलं तर सांग हं," आणि आपण म्हणतो हो हो, आणि कुणीच काही करत नाही, दोघांचाही दोष नाही. मी एक यादी केली, कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, चादर बदलणं रविवारी, डाव्या पायाचा मोजा मी घालते पण उजव्याला मोज्याचं साधन लागतं आणि ते एकदा समोर बसून शिकवायला हवं, टाके काढायला चौदाव्या दिवशी सोबत, सहा आठवड्यांच्या तपासणीला गाडी कारण तोवर मी चालवणार नव्हते. ज्याने विचारलं त्याला यादीतलं एक काम दिलं. सगळ्यांनी केलं. कचऱ्याचं काम वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने घेतलं, तो अजूनही शुक्रवारी बेल वाजवतो.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे झाला, दांडी नीट बसलीये, हाड तिला धरायला लागलंय. सर्जनने गाडी चालवायला परवानगी दिली, आधी रिकाम्या जागेत ब्रेक जोरात दाबता येतो का बघा म्हणाले. वाकायचे नियम अजून सहा आठवडे पाळायला सांगितलेत. उजव्या पायाची नखं अजून स्वतः कापता येत नाहीत. सकाळी उठल्यावरची पहिली चार पावलं ताठ असतात, पण ते जुनं हाडात घासणारं दुखणं, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते गेलंय, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच गेलं होतं, फक्त टाक्यांच्या दुखण्याच्या गडबडीत मला कळायला तीन आठवडे लागले.

वॉकर आता पुढे चाललाय. ओळखीतल्या एका बाईंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्याही एकट्याच राहतात, त्या काल न्यायला आल्या होत्या. पिशवी बांधलेलीच ठेवली मी. बाथरूमचं दार मोजलंय का विचारलं तर नाही म्हणाल्या. मग इथेच वॉकरची रुंदी मोजून कागदावर लिहून दिली, त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवली, घरी गेल्यावर दार मोजून रात्री फोन करते म्हणाल्या. साडेनऊला फोन आला. दोन बोटं कमी पडतायत.